नांगर रंगवणारी पोरं

कोपर्निकसचा हिवाळा

वॉर्सा शहराच्या क्राकोव्स्किए प्शेदमिएश्चे या राजरस्त्यावर कोपर्निकस बसला आहे. एका हातात कंपास, दुसऱ्या हातात आकाशाचा गोल. डॅनिश शिल्पकार थोरवाल्डसनने घडवलेला हा पुतळा १८३० पासून इथे आहे. मी गेले तेव्हा मार्च नुकताच लागला होता आणि चौथऱ्याच्या कडेकडेने काळवंडलेला बर्फ अजून तग धरून होता. शाळेच्या सहलीतली पोरं पुतळ्यासोबत फोटो काढत होती. मला पुतळ्यापेक्षा चौथरा बघायचा होता.

१९३९ साली जर्मन फौजा शहरात शिरल्या. पुढे त्यांनी या चौथऱ्यावरच्या पोलिश अक्षरांवर जर्मन भाषेतली पाटी बसवली. कोपर्निकस जर्मन होता, असं त्यांचं म्हणणं. ११ फेब्रुवारी १९४२ च्या पहाटे मात्येय अलेक्सी दाविदोव्स्की, दोस्तांमध्ये ‘आलेक’, या चौथऱ्यावर चढला. खरं तर तो नुसती टेहळणी करायला आला होता. पाटीच्या चाक्या किती घट्ट आहेत, कोणता पाना लागेल, एवढंच बघून परतायचं होतं. त्याने हात लावला तर चाक्या बोटांनी फिरायला लागल्या. मग कोण थांबतो! चाक्या काढल्या आणि ती जड पाटी दणदिशी खाली आदळली. समोर पोलिसांचा पहारा होता, पण कुणी धावून आलं नाही. आलेकने पाटी फरफटत नेली आणि बर्फाच्या ढिगात पुरून टाकली.

जर्मन गव्हर्नरने याचा सूड उगवला तो दुसऱ्या एका पुतळ्यावर. यान किलिन्स्की हा १७९४ च्या उठावातला चांभार पुढारी. त्याचा पुतळा उखडून राष्ट्रीय संग्रहालयाच्या तळघरात टाकण्यात आला. थोड्याच दिवसांत संग्रहालयाच्या भिंतीवर ठळक अक्षरं उमटली. त्यात खुद्द किलिन्स्कीच वॉर्साकरांना आपला नवा पत्ता कळवत होता. तेही आलेकचंच काम. पाठोपाठ शहरभर सरकारी थाटाचं एक जाहीर निवेदन लागलं: किलिन्स्कीचा पुतळा हलवल्याबद्दल शिक्षा म्हणून हिवाळा सहा आठवड्यांनी वाढवण्यात येत आहे. खाली सही, कोपर्निकस, खगोलशास्त्रज्ञ. जर्मन सैनिक तेव्हा रशियाच्या थंडीत कुडकुडत होते, हे लोकांना माहीत होतं. उपाशी, धास्तावलेलं शहर त्या दिवशी हसलं.

आमच्या संपादकांनी यंदाच्या अंकाला ‘मिसरूड’ असा विषय दिला, तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती ही सही. कारण असली थट्टा करायला विशिष्ट वयच लागतं. आलेक तेव्हा एकवीस वर्षांचा होता. कब्जा सुरू झाला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो नुकता मॅट्रिक होऊन बाहेर पडला होता, आणि त्याच्या हाताखाली काम करणारी पोरं तर चौदा-पंधरा-सोळाची होती.

तीन पायऱ्या

ही सगळी स्काउटची पोरं. आपल्याकडच्या जुन्या भाषेत बालवीर. पोलंडमध्ये स्काउट चळवळ म्हणजे शनिवारची कवायत आणि शिट्टी एवढंच नव्हतं. देश १२३ वर्षं नकाशावर नव्हता, तीन साम्राज्यांनी वाटून घेतला होता. त्या काळाच्या शेवटी ही चळवळ रुजली, त्यामुळे गुप्तपणे जमायची सवय तिच्या हाडीमासी होती. वॉर्सा शरण गेल्याच्या करारावर सही व्हायच्या आदल्या दिवशी, २७ सप्टेंबर १९३९ ला, स्काउटच्या काही पुढाऱ्यांनी एका घरात बसून संघटना भूमिगत करायचं ठरवलं. तिला पुढे ‘शारे शेरेगी’ हे नाव पडलं, म्हणजे करड्या रांगा.

ब्रीद तीन शब्दांचं ठरलं: आज, उद्या, परवा. आज म्हणजे कब्जा आणि गुप्त काम. उद्या म्हणजे उघडा उठाव. परवा म्हणजे स्वतंत्र देश, ज्याला डॉक्टर, मास्तर, इंजिनियर लागतील. पोरं म्हटली की ‘उद्या’चीच घाई. संघटनेतल्या वडीलधाऱ्यांचा सगळा जोर मात्र ‘परवा’वर. माझ्या मते या गोष्टीतला खरा पेच इथे आहे. सोळा वर्षांच्या पोराला शत्रूविरुद्ध उभं करायला फारसे कष्ट पडत नाहीत. त्याला आवरून धरणं आणि तरीही हातातून निसटू न देणं, हे अवघड.

त्यासाठी १९४२ च्या सुमारास वयाप्रमाणे पायऱ्या पाडल्या गेल्या. बारा ते चौदा वयाची पोरं ‘झाविशा’ गटात. पंधरा ते सतरा ‘लढाऊ शाळां’त, म्हणजे भिंती रंगवणं, पत्रकं वाटणं, टेहळणी. शस्त्र फक्त अठरा पूर्ण झालेल्यांच्या ‘हल्ला गटां’त. झाविशाच्या पोरांना कब्ज्याविरुद्धच्या कारवायांपासून लांब ठेवायचं, असा नियम होता. त्यांनी प्रथमोपचार शिकायचे, शहराच्या गल्लीबोळांची माहिती करून घ्यायची, निरोप पोचवायचा सराव करायचा. या तयारीला त्यांनी ‘माफेकिंग’ हे सांकेतिक नाव दिलं होतं. बोअर युद्धात माफेकिंगच्या वेढ्यात पोरांनी निरोप्यांची कामं केली आणि त्यातूनच बेडन-पॉवेलला स्काउटची कल्पना सुचली, असं सांगतात. वॉर्सातली पोरं स्वतःच वेढ्यात होती, त्यामुळे ते नाव त्यांना फार लांबचं वाटलं नसेल.

हे सगळं शाळा सांभाळून. जर्मनांनी माध्यमिक शाळा आणि विद्यापीठं बंद केली होती. पोलिश मुलांसाठी फक्त प्राथमिक आणि धंदेशिक्षणाच्या शाळा ठेवल्या होत्या, त्यातूनही इतिहास-भूगोल काढून टाकला होता. गुलाम माणसाला बेरीज-वजाबाकी आणि हातातलं कसब पुरे, असा हिशेब. मग शिक्षकांनी घराघरांत गुप्त वर्ग सुरू केले. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पाच-सात मुलं, दार वाजलं की वह्या गादीखाली. मॅट्रिकची परीक्षासुद्धा अशीच चोरून व्हायची. पकडले गेले तर छळछावणी, मास्तर आणि मुलं दोघांनाही. संघटनेचा दंडक असा की भूमिगत काम करणाऱ्याने अभ्यास सोडायचा नाही. लॅटिनच्या धड्याला दांडी मारून रंगाचा डबा उचलणारा पोरगा तिथे कौतुकाचा विषय नव्हता.

डांबर आणि ब्रश

या छोट्या कामांना नावच होतं ‘छोटी घातपातगिरी’. ती चालवणाऱ्या गटाने ‘वावेर’ हे नाव घेतलं होतं. वावेर हे वॉर्साचं एक उपनगर. १९३९ च्या डिसेंबरात तिथे दोन जर्मन मारले गेले, म्हणून नाताळनंतरच्या एका रात्री घराघरांतून पुरुषांना बाहेर ओढून शंभराहून जास्त लोकांना गोळ्या घातल्या गेल्या. या गटाने भिंतींवर लिहिलेल्या पहिल्या घोषणा त्याच्या बदल्याच्याच होत्या.

गटाचा सूत्रधार होता अलेक्सांदर कामिन्स्की. त्याची ओळख करून घेतल्याशिवाय पुढची गंमत कळत नाही. युद्धाआधी तो शिक्षक होता, आणि स्काउटमधल्या अगदी लहान, आठ-दहा वर्षांच्या मुलांना खेळांतून कसं शिकवायचं याची पोलंडमधली सगळी पद्धत त्याने बसवली होती. आता त्याच माणसाने शहराला शत्रूशी खेळायचे खेळ लावून दिले. नियम, पथकं, अवघडपणाच्या चढत्या पायऱ्या, गुण, शाबासकी. भूमिगत सैन्याचं मुख्य वार्तापत्रही तोच संपादित करायचा, म्हणजे रात्री पोरांनी काय केलं ते सकाळी शहराला कळवण्याची सोयसुद्धा घरचीच.

हत्यारं साधी. ब्रश, डांबर, तेलरंग, खडू. रंगवणारा एक, कोपऱ्यांवर राखण करणारे दोघं-तिघं. रस्त्यातल्या खांबांवर जर्मनांनी ध्वनिक्षेपक लावले होते, त्यांना लोक ‘भुंके’ म्हणायचे. त्यांच्या तारा कापायच्या. चित्रपटाच्या तिकिटाचा पैसा जर्मनांच्या खिशात जातो, म्हणून थिएटरात सडका वास सुटणारी कुपी फोडायची आणि बाहेरच्या भिंतीवर प्रेक्षकांना डुकरांच्या रांगेत बसवणारी ओळ लिहायची. जो फोटोग्राफर काचेआड जर्मन सैनिकांच्या हसऱ्या तसबिरी मांडेल, त्याची काच फोडायची. ‘फक्त जर्मनांसाठी’ या पाट्या ट्रॅम आणि बागांवरून काढून विजेच्या खांबांना किंवा स्मशानात लावायच्या. १९४१ च्या उन्हाळ्यात जर्मनांनी सगळ्या आघाड्यांवर आपला विजय होत असल्याचे मोठाले फलक लावले. पोरांनी त्यातलं एक अक्षर बदललं आणि जर्मनी सगळ्या आघाड्यांवर आडवी पडली.

मग १९४२ च्या मार्चमध्ये नांगर आला, जहाजाचा. झुंजणाऱ्या पोलंडची दोन आद्याक्षरं, ‘पी’ आणि ‘डब्ल्यू’, एकमेकांत अशी गुंफलेली की खालचा भाग नांगराच्या आकड्यांसारखा दिसावा. भूमिगत संघटनेने खुणेसाठी स्पर्धा घेतली होती, त्यातून ही निवडली गेली. ती काढली होती आना स्मोलेन्स्काने. कला-इतिहास शिकणारी विद्यार्थिनी, आणि अर्थात स्काउट. खूण फार हुशारीने बेतलेली आहे. एका म्युझियमच्या दुकानातल्या पिशवीवर मी ती बोटाने गिरवून पाहिली; सराव असेल तर दोन-तीन सेकंदांत होते. पहारेकरी कोपऱ्यावर वळेपर्यंत काम फत्ते.

आनाला नोव्हेंबर १९४२ मध्ये घरच्यांसकट पकडलं आणि मार्च १९४३ मध्ये ती ऑश्विट्झमध्ये मरण पावली. वय तेवीस. आपली खूण शहरभर पसरलेली तिने पाहिली ती जेमतेम सात-आठ महिने.

शिक्षण खात्याच्या तळघरात

‘छोटी’ म्हटली तरी तिची शिक्षा छोटी नव्हती. ती बघायची तर शुखा रस्त्यावर जावं लागतं. २५ नंबरची भव्य, करडी इमारत. युद्धाआधी शिक्षण मंत्रालयासाठी बांधलेली, आजही तिथे शिक्षण मंत्रालय आहे. मधल्या पाच वर्षांत तिथे गेस्टापोचं मुख्यालय होतं. देशातल्या शाळा बंद करायच्या आणि शिक्षण खात्यात छळघर थाटायचं, याला उपरोध म्हणावा तर तो करणाऱ्यांच्या ध्यानातही आला नसेल.

आता तळमजल्याखाली छोटं संग्रहालय आहे. अरुंद बोळ आणि बाजूला ज्यांना कैदी ‘ट्रॅम’ म्हणायचे त्या कोठड्या. ट्रॅममध्ये असतात तशा लाकडी खुर्च्या, एकामागे एक, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. कैद्याने समोरच्याच्या पाठीकडे बघत बसायचं. बोलायचं नाही, मान वळवायची नाही, डुलकी घ्यायची नाही. वरून हाक येईपर्यंत तासन् तास, कधी दिवसच्या दिवस. भिंतींवर नखांनी, पिनांनी कोरलेली अक्षरं आहेत. मी एका कोठडीच्या दाराशी बराच वेळ उभी राहिले. खुर्च्यांच्या बैठकीची रुंदी बघून वाटलं, हे माप मोठ्या माणसाचंच आहे, पोरगा बसला तर त्याचे पाय जमिनीला लागत असतील की नाही कुणास ठाऊक.

२३ मार्च १९४३ ला यान बितनार पकडला गेला. तांबूस केसांमुळे सगळे त्याला ‘रुदी’ म्हणायचे. आलेकचा वर्गमित्र, दोघंही स्तेफान बातोरी शाळेचे, एकाच स्काउट पथकातले. तिसरा तादेउश झावाद्स्की, टोपणनाव ‘झोश्का’, हे मुलीचं नाव. रुदीला शुखावर असं मारलं की त्याला स्ट्रेचरवरून हलवावं लागत होतं. चौकशीसाठी कैद्यांना पाव्याक तुरुंगातून शुखावर आणायचं आणि परत न्यायचं, असा रोजचा क्रम होता. २६ मार्चच्या संध्याकाळी जुन्या शस्त्रागाराजवळच्या वळणावर अठ्ठावीस जणांनी ती तुरुंगाची गाडी अडवली. नेतृत्व झोश्का आणि त्याच्या वरिष्ठांकडे. रुदीसकट वीसेक कैदी सुटले.

चार दिवसांनी, ३० मार्चला, रुदी मारहाणीच्या जखमांनी गेला. त्याच दिवशी आलेकही गेला. गाडी अडवताना त्याला पोटात गोळी लागली होती. आणि हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी जर्मनांनी पाव्याकच्या अंगणात शंभराहून जास्त कैद्यांना गोळ्या घातल्या.

पोलंडमध्ये ही गोष्ट शाळेत शिकवतात. कामिन्स्कीने त्याच वर्षी गुप्तपणे छापलेलं ‘काम्येनिए ना शान्येत्स’ हे पुस्तक पाठ्यक्रमात आहे. मैत्रीची गोष्ट म्हणून ती अजोड आहेच. पण त्या शंभरांचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा? कब्ज्याच्या राजवटीने प्रत्येक धाडसाची किंमत तिऱ्हाईताच्या माथी मारण्याची व्यवस्था केली होती, आणि हे त्या पोरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना दोष देणं हा शुद्ध अन्याय होईल, कारण गोळ्या घालणारे दुसरेच होते. तरी वीस-एकवीस वर्षांच्या माणसाने असला निर्णय घ्यावा लागणं, याचं ओझं मला त्या तीन मित्रांच्या कथेपेक्षा जड वाटतं.

भिंतीपलीकडची पोरं

वॉर्साची गोष्ट नुसती पोलिश स्काउटांवर थांबवणं बरोबर नाही. नोव्हेंबर १९४० मध्ये शहराच्या मधोमध दहा फुटी भिंत घालून ज्यूंचा घेट्टो बंद केला गेला. चार लाखांवर माणसं आत. त्यांना मिळणारा शिधा इतका तुटपुंजा की तेवढ्यावर माणूस जगणं अशक्य. ते शहर जगलं, जितके दिवस जगलं, ते चोरट्या मार्गाने येणाऱ्या अन्नावर. त्यातला मोठा वाटा पोरांचा. सात-आठ वर्षांपासून पुढची मुलं भिंतीतल्या भगदाडांतून, गटारांच्या तोंडांतून बाहेर पडायची आणि बटाटे, पाव सदऱ्याच्या आत भरून परतायची. पहारेकऱ्याची गोळी हा रोजचा धोका. ओकोपोवा रस्त्यावरच्या ज्यू दफनभूमीत या पोरांच्या आठवणीचा एक दगड आहे. त्यांच्या हातात ना ब्रश होता, ना बंदूक. आईला जेवू घालणं हाच त्यांचा प्रतिकार.

घेट्टोतला सशस्त्र लढाही तरुणांच्या संघटनांनीच उभा केला. त्यातली एक, ‘हाशोमेर हात्सैर’, ही मुळात ज्यू स्काउट चळवळ होती. १९ एप्रिल १९४३ ला सुरू झालेल्या घेट्टोच्या उठावाचा म्होरक्या मोर्देखाय अनिएलेविच तिचाच पुढारी, वय चोवीसच्या आसपास. भिंतीच्या दोन्ही बाजूंना गणवेश, तंबू आणि शेकोटीची शपथ हे बाळकडू एकच होतं. इरेना आदामोविच ही कॅथलिक स्काउट वेगवेगळ्या शहरांतल्या घेट्टोंमध्ये ज्यू स्काउटांचे निरोप घेऊन फिरत असे. आणि ऑगस्ट १९४४ मध्ये झोश्काच्या नावाने उभ्या राहिलेल्या पथकाने गेन्शुव्का छावणी फोडून ३४८ ज्यू कैदी सोडवले. मैत्रीचे असे धागे होते. सगळ्या शहराचं वागणं असंच होतं असं मात्र नाही. भिंतीबाहेर कैक जण गप्प बसले, आणि काहींनी लपलेल्या ज्यूंना पैशासाठी पकडूनही दिलं.

वळिवड्याचा कॅम्प

इथे मला कोल्हापूरला परत यावं लागतं. दिवाळीच्या तोंडावर गांधीनगरच्या घाऊक कापडबाजारात पाय ठेवायला जागा नसते. टेम्पोंची रांग, डोक्यावर गठ्ठे घेऊन ‘चला, चला, बाजूला’ करत वाट काढणारे हमाल, दुकानांपुढे छपरापर्यंत रचलेल्या चादरी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी हा बाजार वसवला. ती इथेच का आली, तर इथे रिकाम्या बराकी तयार होत्या. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या त्या बराकींत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं.

पोलंडवर कब्जा करणारे दोन होते, हे आपण विसरतो. १ सप्टेंबर १९३९ ला पश्चिमेकडून जर्मनी आली आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा. सोव्हिएतांनी लाखो पोलिश माणसांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाखस्तानात नेलं. १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली, आणि इराणमार्गे त्यातले काही हजार हिंदुस्थानात पोचले. काही मुलं जामनगरजवळ बालाचडीला गेली, आणि सगळ्यांत मोठी वसाहत झाली ती आपल्या कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला.

तिथे शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होती आणि मोठी स्काउट संघटना होती. झ्जिस्लाव पेश्कोव्स्की हा तरुण अधिकारी मुलांच्या स्काउटसाठी तिथे आला होता. त्याचे सोबतचे अधिकारी सोव्हिएतांनी कातिनच्या जंगलात मारले होते आणि तो वाचलेल्या थोड्यांपैकी एक. म्हणजे एकाच वर्षी, एकाच गणवेशात, एकाच शपथेखाली, एक पोरगा वॉर्सात ट्रॅमच्या खांबावर नांगर काढत होता आणि त्याच्याच वयाचा दुसरा पंचगंगेकाठी तंबू ठोकत होता. वळिवड्याच्या पोरांच्या हाती लढाई नव्हती. पोलिश वाचणं, लिहिणं, सण साजरे करणं, ‘परवा’साठी तयार राहणं, हे काम मात्र तेच. त्या ‘परवा’त बहुतेकांना घरी जाता आलं नाही, कारण घर आता सोव्हिएत हद्दीत गेलं होतं. पुढे ती ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियात पांगली. कोल्हापूरकर मात्र त्यांच्या लक्षात राहिले. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं एक स्मारक उभं आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान मोदी तिथे गेले, तेव्हा आपल्याकडच्या अनेकांना पहिल्यांदा त्याचा पत्ता लागला.

पंचवीस शब्द

‘उद्या’ उजाडला १ ऑगस्ट १९४४ ला, संध्याकाळी पाचच्या ठोक्याला. उठाव ६३ दिवस चालला. काळजीपूर्वक पाडलेल्या त्या वयाच्या पायऱ्यांचं काय झालं, हे मला बघायचं होतं.

काही अंशी त्या टिकल्या. त्याचा उत्तम पुरावा म्हणजे स्काउटांचं टपाल. शहराचे भाग एकमेकांपासून तुटले होते, कुणाचं कोण जिवंत आहे ते कळत नव्हतं. उठाव सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता तोच टपाल सुरू झालं. कचेरी श्विएंतोक्शिस्का रस्त्यावर २८ नंबरच्या इमारतीत. पेट्यांवर स्काउटची कमळासारखी लिली. चिठ्ठी पंचवीस शब्दांपर्यंत, कारण प्रत्येक चिठ्ठी तपासली जायची आणि लांबलचक मजकुराला वेळ नव्हता. लष्करी माहिती लिहायची मनाई. टपालखर्च नाही, जमलं तर जखमींसाठी पुस्तकं नाहीतर पट्ट्या द्यायच्या. पोचवणारी पोरं बहुतेक झाविशाची, अकरा ते पंधरा वयाची. खंदकातून, तळघरांच्या भिंतींना पाडलेल्या भगदाडांतून, कधी गटारांतून. दिवसाला हजारो चिठ्ठ्या. माफेकिंगच्या नावाने घेतलेला सराव इथे कामी आला. शहराच्या नकाशाचं पाठांतर म्हणजे नेमकं काय, ते त्या पोरांना तेव्हा कळलं असेल.

उठावाच्या संग्रहालयात यातल्या काही चिठ्ठ्या काचेखाली आहेत. पंचवीस शब्दांत मावेल तेवढंच: आम्ही ठीक आहोत, घर गेलं, अमुक कुठे आहे. त्या वाचायला पोलिश फारसं यायची गरज पडत नाही.

पण पायऱ्या मोडल्याही. पुढे उभं राहायला माणसं संपत गेली तशी पोरं पुढे सरकली. वितोल्द मोदेल्स्की बारा वर्षांचाही नव्हता. शौर्यपदक मिळालेला तो सप्टेंबर १९४४ मध्ये चेर्न्याकुव्ह भागात मारला गेला. उठाव फसला. दीड ते दोन लाख नागरिक मेले, उरलेल्यांना हाकलून शहर पद्धतशीर जाळलं गेलं.

जुन्या गावाच्या तटबंदीला लागून पोदवाले रस्त्यावर ‘छोटा बंडखोर’ हा पुतळा आहे. डोक्यावर कानाखाली घसरणारं जर्मन शिरस्त्राण, पायात मोठ्या माणसाचे बूट, हातात सबमशीनगन. शिल्पकार येझी यार्नुश्किएविच. १९८३ साली स्काउटांच्या वर्गणीतून उभा राहिला, अनावरण केलं एका हृदयरोगतज्ज्ञ प्राध्यापकाने, जो उठावात निरोप्या पोरगा होता. पायाशी फुलं कधी आटत नाहीत. खरं सांगायचं तर मला तो पुतळा आवडला नाही. बंदुकीमुळे. ज्यांनी संघटना बांधली त्यांनी या वयाच्या हातात बंदूक पडू नये म्हणून चार वर्षं आटापिटा केला, आणि आठवण राहिली ती नेमकी बंदुकीची. टपालाची पिशवी खांद्याला असती तर तो जास्त खरा झाला असता. अर्थात वर्गणी काढणाऱ्यांत ती पिशवी वाहिलेले लोकही होते, आणि त्यांनी हाच पुतळा पसंत केला. तेव्हा माझ्या नावडीला तितपतच किंमत.

परवा

युद्धानंतर आलेल्या कम्युनिस्ट राजवटीला ही पोरं नकोशी झाली, कारण त्यांची निष्ठा लंडनमधल्या पोलिश सरकारशी होती. झोश्का पथकातला यान रोदोविच ऊर्फ ‘आनोदा’ १९४८ च्या नाताळात पकडला गेला आणि जानेवारी १९४९ मध्ये कोठडीत मेला. वय पंचवीस. तो वास्तुशास्त्र शिकत होता. कामिन्स्कीची विद्यापीठातली नोकरी गेली. बऱ्याच वर्षांनी त्याला परत घेतलं. नांगराचं नशीब उलटं फिरलं. २०१४ मध्ये त्या खुणेच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि आता तिचा अवमान केला तर दंड होतो. ज्या पोरांनी ती परक्यांच्या भिंतींवर बेकायदा फासली, त्यांना ही बातमी ऐकून कोपर्निकसच्या सहीचं आणखी एखादं निवेदन सुचलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

शेवटी एका मुलीबद्दल. १ फेब्रुवारी १९४४ ला वॉर्साचा पोलीसप्रमुख फ्रान्झ कुट्शेरा याला भूमिगतांनी भर रस्त्यात मारलं. त्याचं घर आणि कचेरी यांत चालत दोन-तीन मिनिटांचं अंतर, तरी तो गाडीने जायचा. गाडी निघाल्याची खूण रस्त्यावरून चालणाऱ्या मुलींनी एकमेकींना द्यायची, अशी आखणी होती. त्यातल्या ‘देवायतिस’ टोपणनावाच्या मुलीचं वय होतं चौदा. हल्ला करणाऱ्यांपैकी चौघं गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर जर्मनांनी शंभर ओलिसांना गोळ्या घातल्या. नियमाप्रमाणे चौदाव्या वर्षी ती मुलगी तिथे असायलाच नको होती.

तिचं नाव एल्झ्बिएता जेम्बोव्स्का. ती उठावातूनही वाचली, युद्धानंतर तिने संगीतशास्त्र घेतलं, क्राकुव्हच्या यागेलोनियन विद्यापीठात प्राध्यापक झाली आणि आयुष्याची कित्येक वर्षं पोलिश भाषेतल्या बहुखंडी संगीतकोशाचं संपादन करत राहिली. २०१६ मध्ये ती वारली. मी विद्यापीठाच्या वाचनालयात तो कोश मागितला. खंड जाडजूड, बारीक टायपातले, दोन हातांनी उचलावे लागणारे. शोपेनची नोंद पानंच्या पानं भरते. हिंदुस्थानी संगीतकारांपैकी कोण आहेत ते चाळायला बसले, तेवढ्यात वाचनालय बंद व्हायची वेळ झाली.